गिरणीच्या गावातली संशोधनाची नोकरी

अमळनेर म्हटले की बोरीकाठ, सखाराम महाराजांची वाडी आणि प्रताप मिल आठवते. याच कापसाच्या गावात 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. पुढाकार होता गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांचा, साथ वल्लभदास यांची. हेतू एकच: अद्वैत वेदान्ताचा कसून अभ्यास.

त्या काळी एम.ए. झालेल्या मुलापुढे मास्तरकी, वकिली किंवा सरकारी नोकरी असे मोजकेच रस्ते होते. मुंबई विद्यापीठ 1857 पासून होते, पण त्याचे मुख्य काम परीक्षा घेण्याचे. पुण्याची भांडारकर संस्था निघाली 1917 मध्ये. अशा वेळी एक व्यापारी विद्यावेतन देऊन तरुणांना सांगत होता, की तुम्ही वाचा, वाद घाला, लिहा. अमेरिकेत प्रिन्स्टनला बॅम्बर्गर या दुकानदार घराण्याच्या पैशातून असेच अध्ययनपीठ निघाले, पण ते 1930 साली.

इथे माणसे आली तरी कुठून कुठून! संचालक घनश्यामदास मलकानी सिंधचे, रासविहारी दास बंगालचे, टी. आर. व्ही. मूर्ती तामिळ. या तिघांनी मिळून लिहिलेले 'अज्ञान' हे इंग्रजी पुस्तक 1933 मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. बाजारात अहिराणी, मंदिरात शंकराचार्य आणि कांट! थोर बंगाली तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य सरकारी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर 1933 ते 1935 इथे संचालक होते. त्यांचा 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' हा ग्रंथ त्याआधीच, 1930 साली, अमळनेरनेच छापला होता.

संशोधन म्हणजे नुसते चिंतन नव्हे. मंदिरातून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' निघे आणि त्याचे संपादन मलकानींकडे होते. लेख मागवणे, प्रुफे तपासणे, अंक वेळेवर टपालात टाकणे, ग्रंथालय सांभाळणे ही कामे कुणाला तरी करावीच लागतात; अशा माणसांची नावे मात्र मुखपृष्ठावर येत नाहीत.

हे काम सगळ्यांनाच मानवले असे नाही. साने गुरुजी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठीच अमळनेरला आले, पण 1924 मध्ये प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि वसतिगृहातल्या मुलांमध्ये रमले. मूर्ती मात्र याच वाटेने पुढे काशी हिंदू विद्यापीठात गेले आणि बौद्ध माध्यमिक दर्शनाचे जगन्मान्य अभ्यासक ठरले.

या व्यवस्थेची कमजोर बाजूही उघड आहे. जागा दात्याच्या औदार्यावर उभ्या होत्या; ना वेतनश्रेणी, ना निवृत्तिवेतन. पुढे विद्यापीठाचा आधार घ्यावाच लागला. 1973 मध्ये पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने अमळनेरच्या प्रताप तत्त्वज्ञान केंद्राच्या सहयोगाने 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' सुरू केले.

खानदेशाचे स्वतःचे विद्यापीठ जळगावला 1990 मध्ये आले. 2018 पासून ते बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. आता तिथल्या जागेसाठी जाहिरात, पात्रता परीक्षा, आरक्षणाची बिंदुनामावली आणि मुलाखत असा रीतसर मार्ग आहे. तो प्रताप शेठांच्या मर्जीपेक्षा न्याय्य आहे, यात शंका नाही. पण तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आजच्या पीएच.डी.धारकाला हेवा वाटावा अशी, निवांत वाचायला पगार देणारी जागा खानदेशात 1916 साली होती, हेही तितकेच खरे.