वर्गात बसण्याआधीची दोन वर्षं

मुलींच्या तालीमवरच्या जलशात रुग्णसेवेचा विषय निघाला की वक्ते हजरत रुफैदा (रजि.) यांचं नाव घेतात. घेतलंच पाहिजे. मस्जिद-ए-नबवीत त्यांचा तंबू होता आणि खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना तिथंच ठेवलं होतं, हे सीरतच्या ग्रंथांत आहे. पण वक्ते तिथून उडी मारतात ती थेट आजच्या जीएनएमच्या प्रवेशावर. मधली चौदाशे वर्षं गायब! समोर बसलेल्या, नुकतीच बारावी झालेल्या मुलीला अभिमान मिळतो, टाळ्या मिळतात. तिच्या मनातला प्रश्न मात्र साधा असतो: नर्सिंगच्या वर्गात पहिल्या दिवशी बसायची माझी तयारी आहे का? नसली तर ती करून कोण घेणार?

या प्रश्नाला एक जुना जबाब आहे. तो जाणून घ्यायला १८३२ सालच्या मिस्रमध्ये जावं लागतं.

तेव्हा मिस्रवर मुहम्मद अली पाशाची हुकूमत होती. त्याला मोठी फौज हवी होती, आणि फौजेला लागतात जिवंत, धडधाकट माणसं. देवीच्या साथीत लहान मुलं मरत होती, सैनिकांत आणि त्यांच्या बायकांत गुप्तरोग पसरले होते. त्याचा फ्रेंच डॉक्टर क्लॉट, ज्याला पुढे ‘बे’ हा किताब मिळाला, याने १८२७ मध्ये कैरोजवळ अबू जाबल इथं वैद्यकीय शाळा काढली होती. पण तिथून शिकून निघालेला पुरुष डॉक्टर घराच्या आत, जनान्यात जाणार कसा? म्हणून १८३२ मध्ये मुलींसाठी वेगळी शाळा निघाली. नाव दाईशाळा असलं तरी तिथं बाळंतपणाच्या पलीकडचं बरंच काही शिकवलं जाई. तिथं शिकलेल्या बाईला लोक ‘हकीमा’ म्हणत.

शाळा निघाली, पण विद्यार्थिनी कुठून आणायच्या? शरीफ घराण्यांनी मुली पाठवल्या नाहीत. गरिबांनीही पाठवल्या नाहीत. मग पाशाने सुदानी आणि हबशी वंशाच्या दहा गुलाम मुली विकत घेतल्या आणि त्या वर्गात बसवल्या. त्यांच्यासोबत राजवाड्यातले दोन खोजेही शिकायला धाडले. त्यानंतर भर पडली ती अनाथ आणि बेघर मुलींची. इस्पितळात उपचाराला आलेल्या, बऱ्या झालेल्या, पण ज्यांना न्यायला कुणीच आलं नाही अशा.

इथं जरा थांबायला हवं. ‘मुस्लिम देशात नाइटिंगेलच्याही २८ वर्षं आधी मुलींची सरकारी वैद्यकीय शाळा होती’ हे वाक्य खरं आहे आणि व्हॉट्सॲपवर छान चालेल. पण त्या वाक्यात त्या दहा जणींची खरेदी दिसत नाही. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ज्या मुलींना घर होतं, त्यांना घराने सोडलं नाही. ज्यांना घरच नव्हतं, त्यांच्यावर शाळा उभी राहिली.

आता त्या मुलींची तयारी पाहा. त्यांना अक्षरओळख नव्हती. काहींना अरबी बोलताही धड येत नसणार. अशा मुलींपुढे शरीरशास्त्र ठेवलं असतं तर वर्ग महिन्याभरात रिकामा झाला असता. म्हणून अभ्यासक्रम सहा वर्षांचा केला आणि त्यातली पहिली दोन वर्षं फक्त अरबी लिहिण्या-वाचण्याला दिली. उरलेल्या चार वर्षांत बाळंतपण, गरोदर बाईची आणि बाळंतिणीची देखभाल, जखमेची मलमपट्टी, डाग देणं, देवीची लस टोचणं, जळवा लावणं, तुंबड्या लावून रक्त काढणं, नेहमीची औषधं तयार करणं. शिकवणं अरबीत होतं. फ्रेंच शिक्षकांचे धडे दुभाषे अरबीत आणत, आणि बुलाकच्या सरकारी छापखान्यातून वैद्यकाची अरबी पुस्तकं निघत.

मला या सगळ्या हकिकतीत सर्वात मोलाची वाटते ती ही दोन वर्षं. मुलगी तयार होऊन येईल, मग आम्ही शिकवू, असं शाळेने म्हटलं नाही. तयारी हाच शाळेच्या कामाचा पहिला भाग धरला. यात पाशाची दया नव्हती, गरज होती. पण तरीही ती जबाबदारी संस्थेने उचलली.

शिकून निघालेल्या हकीमेला फौजेतला सेकंड लेफ्टनंटचा दर्जा आणि सरकारी पगार मिळे. नवराही सरकारच पाहून देई, वैद्यकीय शाळेतून बाहेर पडलेला एखादा डॉक्टर. हकीमा मोहल्ल्यातल्या बायकांवर मोफत उपचार करी, मुलांना लस टोची, जन्माची नोंद ठेवी, मेलेल्या बाईच्या मृत्यूचं कारण तपासी. पोलीस ठाण्यात आलेल्या बायकांची तपासणीही तिच्याकडेच असे, आणि ते काम काही सन्मानाचं नव्हतं. जुन्या दायांवर तिची देखरेख, त्यामुळे त्या तिच्यावर खार खाऊन असत. लोकांना ती सरकारचा डोळा वाटली असेल तर नवल नाही. तरीही याच शाळेत जलीला तमरहान नावाची शिक्षिका झाली. तिची आई तमरहान त्याच शाळेची प्रमुख होती. १८७० च्या आसपास जलीलाने दाईच्या कामावर अरबीत पुस्तक लिहिलं. बाईने, बायकांसाठी, त्यांच्याच भाषेत लिहिलेलं.

१८८२ मध्ये इंग्रजांनी मिस्र ताब्यात घेतलं. शतक संपता संपता वैद्यकीय शिक्षणाची भाषा इंग्रजी झाली. हकीमेचा दर्जाही उतरत गेला आणि तिच्या जागी आली डॉक्टरच्या हाताखाली काम करणारी नर्स. हा नमुना लंडनचा होता. १८६० मध्ये सेंट थॉमस इस्पितळात नाइटिंगेलच्या नावाने शाळा सुरू झाली, तिथं चारित्र्याचा दाखला घेऊन निवडून घेतलेल्या शिकाऊ मुलींना राहणं, जेवण, गणवेश आणि वर्षाला १० पौंड मिळत. शिस्तीचा त्या शाळेचा वारसा मोठा आहे, नाकारायचं कारण नाही. पण तिथं मुलगी आधीच लिहिता-वाचता येणारी असावी लागे.

आपल्या महाराष्ट्रातही ‘आधी तयारी’ची वाट एका संस्थेने धरली होती. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथं येणाऱ्यांत विधवा होत्या, टाकलेल्या बायका होत्या. मोठ्या वयाच्या बायकांना तिथं आधी लिहा-वाचायला शिकवत, आणि पुढे काहींना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवत. त्यांच्या राहण्याची सोयही सेवासदन करी. परक्याचा मळ-मूत्र काढणं, परक्या पुरुषाला हात लावणं, रात्रपाळी, हे त्या काळच्या उच्चवर्णीय हिंदू घरांनाही मान्य नव्हतं. ‘आमच्यातच मुलींना सोडत नाहीत’ असं आपले लोक मान खाली घालून बोलतात तेव्हा हे आठवावं. कैरोत आणि पुण्यात कारणं जवळपास तीच होती, आणि दोन्हीकडे पहिल्या आल्या त्या निराधार.

आज मुलगी घरातून जाते, अम्मी-अब्बांच्या दुआ घेऊन जाते, हा फरक थोडा नाही. तिच्या पिशवीत बारावीची गुणपत्रिका असते, शाळा सोडल्याचा दाखला, तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ. घड्याळ नाडी मोजायला लागतं, ते आधीच घेऊन ठेवावं. स्कार्फचं काय, रात्रपाळीला ने-आण कोण करणार, हॉस्टेलचं जेवण कसं, हे घरात बोलून झालेलं असतं. इंग्रजीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेली ही मुलगी पहिल्याच आठवड्यात ॲनाटॉमीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडते. हाडांची नावं पाठ होतात, ती कुठल्याही माध्यमातल्या मुलीला नवीनच असतात. अडतं ते दोन नावांच्या मधल्या वाक्यात. रुग्णाच्या कागदावर तिला स्वतः दोन ओळी लिहायच्या असतात, तिथं हात थांबतो. काही मुली पहिल्या परीक्षेनंतर परत येतात आणि घरी सांगतात, तब्येतीला मानवलं नाही.

बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये संपते आणि नर्सिंगचे वर्ग भरेपर्यंत मध्ये चार-सहा महिने जातात. बहुतेक मोहल्ल्यांत सकाळी मदरसा भरणारी एक खोली असते, ती दुपारी मोकळी असते. जवळपास एखादी सिस्टर राहते, जिने पंधरा-वीस वर्षं वॉर्डात काढली आहेत आणि जिला इंग्रजीतली ती दोन ओळींची नोंद झोपेतही लिहिता येते. आठवड्यातले तिचे दोन तास मागायला अजून कुणी गेलेलं नाही.