हक्कांची सनद आणि दोन मित्रांची पत्रे

१/
अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या दहा दुरुस्त्या 'हक्कांची सनद' म्हणून ओळखल्या जातात. पण १७ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियात ज्या मसुद्यावर सह्या झाल्या, त्यात ही सनद नव्हती. पुढे ज्यांनी ती मांडली, ते जेम्स मॅडिसन स्वतः आरंभी तिला फारसे महत्त्व देत नव्हते. त्यांचे मत का पालटले, याचे बरेचसे उत्तर अटलांटिक महासागर ओलांडून आलेल्या काही पत्रांत सापडते. आजचा धागा त्या पत्रांविषयी.

२/
१७८७ मध्ये मॅडिसन ३६ वर्षांचे होते. थॉमस जेफरसन ४४ वर्षांचे होते आणि पॅरिसला अमेरिकेचे वकील म्हणून राहत होते. दोघेही व्हर्जिनियाचे, दोघेही जमीनदार, दोघेही पुस्तकवेडे. मॅडिसन यांनी प्राचीन व अर्वाचीन संघराज्यांवरील ग्रंथ मागवावेत आणि जेफरसन यांनी पॅरिसमधून ते पेट्या भरून पाठवावेत, असा क्रम होता. त्याच ग्रंथांवरून मॅडिसन यांनी ग्रीक, डच आणि स्विस संघांच्या दुर्बलतेची टिपणे काढली. नव्या राज्यघटनेची पूर्वतयारी या टिपणांतूनच झाली.

३/
तेव्हाच्या अमेरिकेची अवस्था नाजूक होती. १३ राज्यांच्या संघाला स्वतः कर बसवण्याचा अधिकार नव्हता. राज्यांकडे पैसा मागायचा आणि वाट पाहायची. १७८६ च्या उत्तरार्धात मॅसेच्युसेट्समध्ये कर्ज आणि करांनी गांजलेल्या शेतकऱ्यांनी बंड पुकारले. मायदेशीचे बहुतेक नेते हादरले. जेफरसन यांनी मात्र ३० जानेवारी १७८७ च्या पत्रात मॅडिसन यांना कळवले की अधूनमधून होणारे लहानसे बंड हितकारकच असते. निसर्गात वादळाचे जे काम, तेच राजकारणात बंडाचे. दोघांच्या स्वभावांतला फरक येथेच दिसतो. एकाला सत्तेची भीती वाटे, दुसऱ्याला सत्तेच्या अभावाचीही.

४/
मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियाची परिषद सुरू झाली. कामकाज गुप्त ठेवायचे, असा नियम झाला. हा नियम जेफरसन यांना मुळीच रुचला नाही. जॉन अ‍ॅडम्स यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली नाराजी नोंदवली आहे. जिवलग मित्र रोज त्या सभागृहात बसत होता, पण नियमाने बांधलेला होता. ६ सप्टेंबरला मॅडिसन यांनी नव्या योजनेचा आराखडा थोडक्यात कळवला, कारण ते पत्र पॅरिसला पोचेपर्यंत परिषद आटोपलेली असणार होती. सोबत एक कबुलीही होती: ही योजना आपला हेतू पुरेसा साधेल, असे त्यांना वाटत नव्हते.

५/
२४ ऑक्टोबर १७८७ चे मॅडिसन यांचे पत्र म्हणजे जवळजवळ एक प्रबंधच आहे. त्यातील त्यांचे मोठे दुःख वाचून आजचा वाचक चकित होईल. हक्कांची सनद राहून गेल्याची खंत त्यांना नव्हती. राज्यांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला नाही, ही त्यांची खंत होती. त्यांच्या मते नागरिकाच्या हक्कांवर खरा घाला राज्यांच्या विधिमंडळांतून पडत होता, आणि तो घालणारा कोणी राजा नव्हता. ते लोकांनीच निवडलेले बहुमत होते.

६/
सनदेची मागणी परिषदेत झालीच नव्हती, असे नाही. १२ सप्टेंबरला जॉर्ज मेसन यांनी ती काढली. सनद काही तासांत तयार होईल, असे त्यांचे म्हणणे होते. उपस्थित राज्यांपैकी एकानेही अनुकूल मत दिले नाही. मेसन यांनी पुढे मसुद्यावर सही केली नाही.

७/
डिसेंबरात पॅरिसमध्ये जेफरसन यांना मॅडिसन यांची जुलै, सप्टेंबर आणि ऑक्टोबरची तीन पत्रे एकाच आठवड्यात मिळाली. त्या काळच्या टपालाचा हा हिशेब ध्यानात ठेवावा. प्रश्न आणि उत्तर यांत महिने जात. २० डिसेंबरला त्यांनी उत्तर लिहिले. आधी आवडलेल्या गोष्टी सांगितल्या: सत्तेची तीन अंगांत विभागणी, लहानमोठ्या राज्यांमधली तडजोड. मग नावडलेल्या. पहिली, सनद नाही. धर्मस्वातंत्र्य, मुद्रणस्वातंत्र्य, ज्यूरीपुढे खटला, कायमच्या सैन्यापासून संरक्षण यांची स्पष्ट ग्वाही हवी. जगातील कोणत्याही सरकारविरुद्ध अशी सनद मिळणे हा लोकांचा हक्क आहे, आणि ती अनुमानावर सोडता येत नाही, असा त्यांचा आग्रह होता. दुसरी, राष्ट्राध्यक्षाने किती वेळा निवडून यावे याला मर्यादा नाही.

८/
मैत्रीची खरी कसोटी पुढे लागली. जेफरसन यांनी फेब्रुवारी १७८८ मध्ये एका परिचिताला लिहिले की पहिल्या ९ राज्यांनी घटना स्वीकारावी आणि उरलेल्या ४ राज्यांनी सनद मिळेपर्यंत अडून राहावे. हे खासगी पत्र व्हर्जिनियात फिरले. जून १७८८ मध्ये तेथील परिषदेत घटनेचे कट्टर विरोधक पॅट्रिक हेन्री यांनी जेफरसन यांचेच मत पुढे केले. घटनेची बाजू लढवत मॅडिसन समोर उभे होते. मित्राच्याच अक्षरांनी प्रतिपक्षाला बळ दिले होते.

९/
मॅडिसन यांनी संयम सोडला नाही. सभागृहाबाहेरच्या व्यक्तीचे मत, ती कितीही थोर असली, तरी येथे प्रमाण मानू नये, असे त्यांनी म्हटले. २५ जूनला मतदान झाले: ८९ विरुद्ध ७९. सहा मते इकडची तिकडे झाली असती, तर सर्वांत मोठे राज्य संघाबाहेर राहिले असते. मॅसेच्युसेट्सने आधी घातलेल्या पायंड्याप्रमाणे व्हर्जिनियानेही मंजुरीसोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडली. सनदेचा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिला नव्हता.

१०/
१७ ऑक्टोबर १७८८ रोजी मॅडिसन यांनी मित्राला आपली भूमिका उलगडून लिहिली. सनदेला आपला विरोध कधीच नव्हता. मात्र तिच्यावाचून फार बिघडते, असेही वाटले नाही. कारणे चार. केंद्राला मोजकेच अधिकार दिले आहेत. राज्ये केंद्रावर नजर ठेवतीलच. शब्दांत बांधताना हक्क आकसतील, विशेषतः सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य. आणि चौथे, अनुभव: राज्यांत अशा सनदा होत्याच, पण त्यांची गरज ज्या क्षणी सर्वाधिक होती, त्याच क्षणी त्या निरुपयोगी ठरल्या. चर्मपत्रावरची कुंपणे बहुमताच्या लोंढ्याला अडवत नाहीत.

११/
या पत्राचा गाभा असा: जेथे खरी सत्ता, तेथेच अत्याचाराचा धोका. राजेशाहीत सत्ता राजाकडे असते, म्हणून सनद दाखवून लोकांना त्याच्याविरुद्ध उठवता येते. लोकशाहीत सत्ता बहुसंख्याकडे असते. कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागायची? तरीही त्यांनी सनदेचे दोन उपयोग मान्य केले. गंभीरपणे घोषित केलेली तत्त्वे हळूहळू राष्ट्राच्या अंगवळणी पडतात आणि बहुमताच्या आवेगाला आतून आवर घालतात. आणि सरकारच उन्मत्त झाले, तर लोकांना एकत्र येण्यासाठी सनद हा आधार होतो.

१२/
१५ मार्च १७८९ च्या उत्तरात जेफरसन यांनी सर्व आक्षेपांचा क्रमाने परामर्श घेतला. पण आरंभीच एक वाक्य आले, त्याने वादाची दिशा बदलली. तुमच्या यादीत एक मुद्दा राहिला, असे त्यांनी सुचवले: सनदेमुळे न्यायसंस्थेच्या हाती कायदेशीर लगाम येतो. कुंपण नुसते उभे करून भागत नाही, त्याला राखणदार लागतो. तो राखणदार म्हणजे स्वतंत्र न्यायालय. सगळे हक्क नीट मांडता येणार नाहीत, या आक्षेपावर त्यांचे उत्तर साधे होते: भाकरीच नसण्यापेक्षा अर्धी भाकरी बरी. सनद नेहमीच तारून नेईल असे नाही. पण एक टेकू जास्त असला, तर इमारत कोसळता कोसळता वाचते.

१३/
सारे श्रेय पत्रांना देणे मात्र अन्यायाचे होईल. हेन्री यांच्या प्रभावाखालील विधिमंडळाने मॅडिसन यांना सिनेटवर जाऊ दिले नाही. मग त्यांनी प्रतिनिधिगृहाची निवडणूक लढवली, तीही जेम्स मन्रो या मित्राविरुद्ध. मतदारसंघातील बाप्टिस्ट पंथीयांनी पूर्वी छळ सोसला होता. त्यांना धर्मस्वातंत्र्याची लेखी हमी हवी होती. मॅडिसन यांनी दुरुस्त्यांचे जाहीर आश्वासन दिले आणि १३०८ विरुद्ध ९७२ मतांनी ते निवडून आले. शिवाय, दुरुस्त्या आपण केल्या नाहीत तर विरोधक दुसरी घटना परिषद बोलावून सारी घडीच विस्कटतील, ही भीतीही होती.

१४/
८ जून १७८९. जेफरसन यांच्या पत्राला सुमारे बारा आठवडे झाले होते. न्यूयॉर्कमध्ये मॅडिसन दुरुस्त्या मांडण्यास उभे राहिले. अनेक सदस्यांना हा विषय आताच नको होता. कर आणि महसूल यांची निकड होती. त्या भाषणात मॅडिसन यांनी सांगितले की हे हक्क घटनेत समाविष्ट झाले, तर स्वतंत्र न्यायालये स्वतःला त्यांचे विशेष रक्षक मानतील. ऑक्टोबरातील त्यांच्या पत्रात हा विचार नव्हता. मार्चमधील मित्राच्या पत्रात होता.

१५/
मॅडिसन यांची मूळ चिंता मात्र अपुरीच राहिली. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, मुद्रणस्वातंत्र्य आणि फौजदारी खटल्यात ज्यूरी हे हक्क राज्यांनाही मोडता येऊ नयेत, अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली होती, आणि तीच त्यांना सर्वांत मोलाची वाटत होती. सिनेटने ती वगळली. १५ डिसेंबर १७९१ रोजी दहा दुरुस्त्या अमलात आल्या, त्या केवळ केंद्राला बांधणाऱ्या. १८३३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्णयच दिला. ही उणीव भरून काढण्याची वाट १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने उघडली, तीही यादवी युद्धानंतर.

१६/
आणखी एक मौन या पत्रांत आहे. पॅरिसमध्ये जेफरसन हक्कांविषयी लिहीत असताना त्यांच्याच घरी जेम्स हेमिंग्ज हा गुलाम तरुण फ्रेंच पाककला शिकून स्वयंपाकघर सांभाळत होता. मॅडिसन यांची शेतीही गुलामांच्या श्रमांवर चालत होती. बहुमताच्या जुलमाचे इतके सूक्ष्म विवेचन करणाऱ्या दोघांनी ही सनद ज्यांना लागू होणार नव्हती, त्या माणसांसाठी तिच्यात एकही कलम मागितले नाही. पत्रे थोर आहेत, पण हे न सांगता त्यांची थोरवी सांगणे अपुरे ठरेल.

१७/
६ सप्टेंबर १७८९ रोजी, परतीच्या प्रवासापूर्वी, जेफरसन यांनी एक विलक्षण पत्र लिहिले: पृथ्वी जिवंत माणसांची आहे. एका पिढीने दुसरीला बांधून ठेवू नये. घटना आणि कायदे यांची मुदत १९ वर्षांची मानावी. ४ फेब्रुवारी १७९० रोजी मॅडिसन यांनी मृदू शब्दांत पण ठाम उत्तर दिले. मागील पिढीने केलेल्या सुधारणा हेसुद्धा पुढच्यांवरचे ऋणच असते. आणि दर काही वर्षांनी सारे कायदे मावळणार असतील, तर व्यवहाराला स्थैर्य कोठून येणार?

१८/
याच विचाराचा प्रतिध्वनी पुढे दिल्लीत उमटला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेफरसन यांचे पिढ्यांविषयीचे मत उद्धृत केले आणि भारतीय संविधानात दुरुस्तीची वाट मोकळी ठेवल्याचे समर्थन केले. हक्क नुसते लिहून भागत नाही, दाद मागण्याची जागा हवी, हेही ते जाणून होते. थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देणाऱ्या कलमाला, म्हणजे आजच्या ३२ व्या कलमाला, त्यांनी संविधानाचा आत्मा म्हटले होते.

१९/
त्याच भाषणात बाबासाहेबांनी जेफरसन यांचा उल्लेख अमेरिकन घटनेच्या निर्मितीत मोठा वाटा असलेले मुत्सद्दी असा केला. जेफरसन फिलाडेल्फियाच्या सभागृहात एक दिवसही नव्हते. त्यांचा वाटा होता तो पत्रांचा, आणि ती पत्रे वाचून आपले मत बदलण्याची तयारी असलेल्या मित्राचा. मॅडिसन हट्टाला पेटले असते, तर सनद कदाचित आलीही असती. पण तिचा राखणदार कोण, हा प्रश्न त्या दिवशी इतक्या स्पष्टपणे मांडला गेला असता का, याची शंका वाटते.

धागा येथे पूर्ण होतो.