कोकणातील इस्लामी विचारपरंपरा

कोकण किनाऱ्यावर सागरी व्यापाराच्या मार्गाने आलेली व स्थानिक राजसत्ता, भाषा आणि लोकजीवन यांच्या सहवासात घडत गेलेली इस्लामी धर्मविचार, विधी व विद्या यांची परंपरा. उत्तर भारतात इस्लामचा प्रसार मुख्यतः सुलतानी राजसत्तेबरोबर झाला. कोकणात मात्र तो त्यापूर्वीच, हिंदू राजांच्या आश्रयाखालील व्यापारी वसाहतींमधून झाला. त्यामुळे मुस्लिमेतर राज्यात राहणाऱ्या मुसलमान समाजाने कोणत्या विधीने चालावे, हा प्रश्न येथे प्रारंभापासूनच महत्त्वाचा ठरला. या परंपरेचा बराचसा इतिहास याच प्रश्नाभोवती गुंफलेला आहे.

प्रारंभ : इराणचे आखात, ओमान व बसरा येथील व्यापारी मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने ठाणे, सोपारा, संजाण व चौल या बंदरांत येत असत. अरब लेखकांनी राष्ट्रकूट राजाचा उल्लेख ‘बल्हरा’ (वल्लभराज) असा केला असून मुसलमानांशी स्नेहाने वागणारा राजा म्हणून त्याची प्रशंसा केली आहे. अल्-मसूदी या इतिहासकाराने इ. स. ९१६ च्या सुमारास सैमूर म्हणजे चौल येथे भेट दिली. तेव्हा तेथे शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती आणि सु. दहा हजार मुसलमानांची वस्ती होती. त्यांत सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेल्यांप्रमाणेच भारतात जन्मलेले मुसलमानही होते. त्यांना ‘बयासिरा’ म्हणत. या समाजावर राजाने नेमलेला ‘हुनरमन’ नावाचा मुसलमान प्रमुख असे. मुसलमानांचे तंटे त्याच्यापुढे येत व तो इस्लामी विधीनुसार निवाडा करी. त्याचा अधिकार मात्र राजाकडून आलेला असे. संजाण व सैमूर येथे जामा मशिदी असल्याचेही दहाव्या शतकातील अरब भूगोलकारांनी नमूद केले आहे.

चिंचणी ताम्रपट : या व्यवस्थेचा सर्वांत बोलका पुरावा तारापूरलगतच्या चिंचणी (ता. डहाणू, जि. पालघर) येथे सापडलेल्या ताम्रपटांत मिळतो. शके ८४८ (इ. स. ९२६) च्या ताम्रपटानुसार, राष्ट्रकूट नृपती दुसरा कृष्ण याने ताजिक कुळातील मधुमती ऊर्फ सुगतिप यास संयान मंडलाचा (संजाण) कारभार सोपविला होता. ‘ताजिक’ म्हणजे अरब आणि ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप होय. त्याच्या पित्याचे ‘सहियारहार’ हे नाव ‘शहरियार’ या इराणी नावावरून आलेले दिसते. मधुमतीने प्रवाशांसाठी दोन प्रवाहांवर मोफत नावा ठेवल्या आणि संयान येथे भात, कालवण व तूप विनामूल्य देणारे अन्नसत्र चालविले, असे हा लेख सांगतो. त्याच्या कारकीर्दीत एका ब्राह्मणाने भगवती देवीसाठी बांधलेल्या मठिकेस तिसऱ्या इंद्राच्या संमतीने भूमिदान देण्यात आले. मुसलमान मांडलिकाने केलेले हे देवीच्या मठिकेचे दान संस्कृत भाषेत आणि प्रचलित राजशासनाच्या पद्धतीने नोंदविलेले आहे. त्यावरून धर्मश्रद्धा व राजधर्म यांची क्षेत्रे तत्कालीन व्यवहारात वेगळी मानली जात होती, असे अनुमान निघते.

शाफिई पंथ व भाषा : सुन्नी मुसलमानांच्या चार विधिपंथांपैकी हनफी पंथ उत्तर भारतात व दख्खनमध्ये प्रचलित आहे. कोकणी मुसलमान मात्र प्रामुख्याने इमाम शाफिई (७६७–८२०) यांचा पंथ मानतात. मलबार, दक्षिण अरबस्तान व इंडोनेशिया येथेही हाच पंथ रूढ असून, कोकणाचे धार्मिक नाते मुख्यतः समुद्रमार्गे जुळले होते, हे त्यावरून दिसते. बोलीच्या बाबतीत हा समाज किनाऱ्याशीच एकरूप राहिला. त्याची घरची भाषा अरबी-फार्सी शब्दांनी युक्त अशी कोकणी मराठीच आहे. उलट केळवे-माहीम, माकुणसार, सातपाटी, तारापूर या पट्टीतील लोकांच्या बोलण्यात येणारे बंदर, दर्या, नाखवा हे शब्द फार्सीतून, तर खलाशी व मोसम हे अरबीतून आले आहेत.

मखदूम अली माहिमी : कोकणच्या इस्लामी विद्येचा परमोत्कर्ष मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) यांच्या ग्रंथरचनेत आढळतो. त्यांचे माहीम हे मुंबई बेटांपैकी एक असून ते पालघरनजीकच्या केळवे-माहीमहून भिन्न होय. नवायत या अरबवंशीय व्यापारी समाजात जन्मलेल्या माहिमींनी गुजरातच्या सुलतानांच्या काळात काझीपद भूषविल्याचे परंपरा सांगते. तब्सीर अल्-रहमान हे त्यांचे अरबी कुराणभाष्य प्रसिद्ध आहे. वरकरणी सुट्या वाटणाऱ्या आयतींमधील आंतरिक संगती दाखविणे आणि प्रत्येक अध्यायाच्या आरंभीच्या ‘बिस्मिल्ला’चा अर्थ त्या त्या अध्यायाच्या आशयाला धरून उलगडणे, ही त्याची वैशिष्ट्ये होत. एकोणिसाव्या शतकात हे भाष्य कैरोजवळील बुलाक येथे छापले गेले. इब्न अल्-अरबी या तत्त्वज्ञाच्या ग्रंथावरही माहिमींनी भाष्य लिहिले व अस्तित्वाच्या एकत्वाचा त्याचा सिद्धांत समर्थिला. शाफिई विधीवरील फिक्‌ह-इ-मखदूमी हा ग्रंथही त्यांच्या नावे प्रसिद्ध आहे. विधिज्ञाची काटेकोर दृष्टी व सूफीची व्यापक अनुभूती यांचा मेळ हे त्यांच्या विचाराचे मर्म होय. त्यांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक जातात आणि माहीमच्या जत्रेत मुंबई पोलिसांकडून मानाची चादर अर्पण केली जाते.

आधुनिक काळ : सोळाव्या शतकात उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज सत्ता आली व १७३९ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला. ब्रिटिश काळात मुंबई हे कोकणी मुसलमानांचेही मुख्य केंद्र बनले. बद्रुद्दीन तय्यबजी प्रभृतींनी १८७४ मध्ये स्थापिलेल्या अंजुमन-इ-इस्लाम या संस्थेने इस्लामी संस्कार व आधुनिक शिक्षण यांची सांगड घातली. धार्मिक शिक्षणात उर्दूचे महत्त्व मात्र वाढत गेले.

विधीचा जुना प्रश्नही नव्या स्वरूपात पुढे आला. खोजा व कच्छी मेमन समाजांच्या दाव्यांत मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाने १८४७ मध्ये मुलींना वारसा नाकारणारी रूढी कुराणातील वचनांपेक्षा प्रमाण मानली. १९३७ च्या शरियत अधिनियमाने अशा रूढींऐवजी इस्लामी विधी लागू केला. १९३९ च्या अधिनियमाने मालिकी पंथाच्या मतांचा आधार घेऊन मुस्लिम स्त्रीला न्यायालयामार्फत घटस्फोटाचे अधिकार दिले. एका विधिपंथातील उणीव दुसऱ्याच्या आधारे भरून काढता येते, हे त्यातून दिसून आले.

एकतर्फी तोंडी तलाकाची प्रथा मात्र चालूच राहिली. चिपळूणजवळील मिरजोळी येथे जन्मलेले लेखक व समाजसुधारक हमीद दलवाई (१९३२–७७) यांनी तिच्याविरुद्ध १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला आणि १९७० मध्ये पुणे येथे मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. सर्व नागरिकांना समान नागरी कायदा असावा, ही त्यांची भूमिका होती. पुढे २००७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने तोंडी तलाक बंद करण्याची मागणी कुराणाच्या आधारे मांडली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका दमात दिला जाणारा तिहेरी तलाक अवैध ठरविला व २०१९ च्या कायद्याने तो दंडनीय झाला.

दहाव्या शतकातील हुनरमनाच्या व्यवस्थेने परमुलखातील व्यापाऱ्याला संरक्षण दिले आणि विविध समाजांचे सहजीवन शक्य केले. तथापि, समाजाला दिलेल्या या स्वायत्ततेत त्या समाजातील दुर्बल व्यक्तीचे संरक्षण होतेच असे नाही, ही जाणीव विसाव्या शतकातील स्त्रियांनी करून दिली. समाजाची स्वायत्तता व व्यक्तीचा न्याय यांच्यातील हा ताण कोकणातील इस्लामी विचारपरंपरेचा स्थायी विषय राहिला आहे.