होलाशोवित्से
चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण बोहेमियातील खेडे. ते चेस्के बुद्येयोवित्सेच्या पश्चिमेस सुमारे १५ किमी. अंतरावर आहे. पहिला लेखी उल्लेख १२६३ चा. १२९२ मध्ये राजा दुसरा वाक्लाव्ह याने गाव व्हिश्शी ब्रोदच्या मठाला दिले. १५२०–२५ दरम्यानच्या प्लेगमधून गावातले अवघे दोघे वाचले. मठाने बव्हेरिया व ऑस्ट्रियातून कुटुंबे आणून ते पुन्हा वसवले. मधोमध लांबट मोकळी जागा, तीत तळे व संत योहानाचे लहानसे प्रार्थनामंदिर. सभोवती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील शेतघरे असून त्यांच्या फिक्या रंगांच्या, वळणदार माथ्याच्या दर्शनी भिंतींवर गिलाव्याची नक्षी आहे. ग्रामीण बरोक शैलीचा इतका अखंड नमुना विरळाच. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनभाषक रहिवाशांना हाकलण्यात आले आणि अनेक घरे ओस पडली. नवी बांधकामे फारशी न झाल्याने जुनी रचना मात्र टिकली. १९९८ पासून युनेस्कोचे जागतिक वारसास्थळ.