हिरवे कोण ठरवते?

मे २०२० मध्ये आमच्यापैकी एकास माढ्यातील एका कार्यालयात जावे लागले. दाराशी उभ्या असलेल्या माणसाने आधी हात धुवायला लावले, मग भ्रमणध्वनी दाखवायला सांगितला. ‘आरोग्य सेतू’ हिरवे असेल तरच आत. सोबत आलेल्या शिपाईमामांजवळ बटणांचा साधा फोन होता. त्यांना उन्हात थांबवले गेले. मामांनी एवढेच विचारले, “सर, हे हिरवं कोण ठरवतं?” आम्हांला नेमके उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता आम्ही १८९७ सालापर्यंत मागे गेलो.

आमच्या तालुक्यातील कुर्डुवाडीहून बार्शीकडे जाणारी छोटी रेल्वे त्याच वर्षी, मार्च महिन्यात सुरू झाली. पंढरीच्या वारकऱ्यांना ती पुढे फार सोयीची ठरली. परंतु त्या वर्षी रेल्वेकडे सरकार संशयानेच पाहत होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला होता, आणि रोग माणसांबरोबर आगगाडीने प्रवास करतो, हे सर्वांना दिसत होते. प्रवाशांना उतरवून त्यांच्या काखा-जांघा चाचपून गाठी शोधल्या जात. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा झाला. मार्चमध्ये पुण्यात रँडच्या अधिपत्याखाली गोरे सैनिक घरोघर शिरू लागले. रोगी सापडला की त्याची रवानगी रुग्णालयात, आणि त्याच्यासोबत राहणाऱ्यांची छावणीत. आज ज्याला आपण संपर्कशोध म्हणतो तो हाच. फक्त तो बुटांनिशी माजघरात येत असे. त्याचा परिणाम काय झाला? लोकांनी रोगी लपवले, प्रेतेही लपवली. जी माहिती हवी होती तीच झडतीमुळे दडली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय घडले, हे वाचकांस ठाऊकच आहे.

त्या वर्षातील आणखी एक प्रसंग मात्र आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच येतो, आणि आमच्या मते तोच अधिक बोलका आहे. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याच्या मित्रांनी पत्रांतून कळवलेल्या अत्याचारांच्या हकिगती त्यांनी तिकडे जाहीरपणे मांडल्या. सरकारने पुरावा मागितला. पुरावा म्हणजे नावे: कोणी लिहिले, कोणाकडून ऐकले. जुलैअखेर गोखले परतले तेव्हा टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली नुकतीच अटक झाली होती. अशा वेळी मित्रांची नावे देणे म्हणजे त्यांना संकटात लोटणे. गोखल्यांनी नावे दिली नाहीत. जाहीर माफी मागितली. त्यासाठी स्वकीयांकडून निंदा सोसली, पंडिता रमाबाईंनीही त्यांना दोष दिला. स्वतः रमाबाईंनी प्लेगच्या रुग्णालयातील व्यवस्थेवर आपल्या नावानिशी लिहिले होते. म्हणून त्यांच्या रागाला वजन होते. तरीही आम्हांला वाटते की, दुसऱ्याच्या नावाची किंमत त्या क्षणी गोखल्यांना अधिक कळली होती.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला तो १८९७ चाच कायदा. २ एप्रिलला ‘आरोग्य सेतू’ आले. त्यात नाव, वय, लिंग, व्यवसाय, फोन क्रमांक भरावा लागे. जवळ आलेल्या दोन फोनांची ओळख ब्लूटूथने नोंदली जाई, आणि ठावठिकाणा जीपीएसने. आपण बाधित ठरलो की या नोंदी सरकारी सर्व्हरवर जात. जर्मनीने जूनमध्ये आणलेल्या ॲपची रचना निराळी होती: कोण कोणाजवळ होते, याची जुळणी ज्याच्या त्याच्या फोनमध्येच होई, मध्यवर्ती यादी बनतच नसे. उलट सिंगापूरच्या ‘ट्रेसटुगेदर’मधील माहिती पोलिसांना गुन्ह्याच्या तपासासाठी मिळू शकते, हे तेथील सरकारने जानेवारी २०२१ मध्ये मान्य केले, आधी लोकांना केवळ साथीचे कारण सांगितलेले होते. तेव्हा विश्वास ठेवायचा तो ॲपच्या हुशारीवर नव्हे, यादी कोणाच्या हाती पडते त्यावर.

आपल्याकडे १ मेच्या आदेशाने नोकरदारांना हे ॲप सक्तीचे झाले. त्यामागे स्वतंत्र कायदा नव्हता, आणि न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांनी ही सक्ती बेकायदेशीर असल्याचे स्पष्ट म्हटले. १७ मे रोजी शब्द मवाळ झाले. दरम्यान माहिती किती दिवस ठेवावी, कोणाला द्यावी याचे नियम ११ मे रोजी निघाले. २६ मे रोजी संगणकीय संहिताही खुली झाली. कोट्यवधी लोकांनी ॲप घेतल्यानंतर नियम आले, हा क्रम आम्हांला खटकतो. ‘सेतू’ हा शब्द निवडणाऱ्याला भाषेची जाण होती खरी, पण पूल आधी खुला करून कठडे मागाहून बांधले गेले. रँडच्या सैनिकांशी याची तुलना करणे अर्थातच अन्यायाचे होईल. येथे कोणी दार फोडले नाही. आणि संपर्कनोंदीची सोय बंद करून ती माहिती पुसून टाकल्याचे सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये संसदेत सांगितले. 

त्या कार्यालयाच्या दाराशी एक वहीही होती. ज्यांच्याजवळ ॲप नाही, त्यांनी तीत नाव, गाव, फोन क्रमांक आणि कोणाकडे काम आहे ते लिहायचे. अर्ध्या तासाने मामांना ती देण्यात आली. त्यांनी वरची नावे वाचली, दोघे ओळखीचे निघाले, मग ठळक अक्षरांत आपले नाव लिहून ते आत आले. ती वही पुढे कोणी ठेवली, हे आम्ही त्या वेळी विचारले नाही.