मिराशीचें घर आणि भाड्याचें बिऱ्हाड

आमच्या एका आप्तांचें घर नागापुरास आहे. नगर शहरांतून मनमाडच्या रस्त्यानें निघून सीना नदी ओलांडली, कीं हें गांव लागतें. गांव म्हणण्याचा केवळ प्रघात राहिला आहे. एरवीं शेजारच्या औद्योगिक वसाहतीनें त्याचें शेतीवाडीचें रूप केव्हांच पालटून टाकलें आहे. या घरचे चिरंजीव मात्र नागापूरच्या वसाहतींत नोकरीस नाहींत. त्यांचा कारखाना पुण्याच्या वाटेवर रांजणगांवास. जाण्याचे सुमारे पाऊणशें किलोमीटर व येण्याचे तितकेच. वर्षाचे कामाचे दिवस तीनशें धरून आम्ही एकदां सहज त्रैराशिक मांडलें, तेव्हां उत्तर आलें ४५,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे हे गृहस्थ दरसाल पृथ्वीप्रदक्षिणा करून वर कांहीं मजल मारतात, आणि एवढें करून रात्रीं नागापुरासच येऊन पोंचतात. मुलगी बापाला जागेपणीं भेटते ती रविवारीं.

तेव्हां घर विकावें, आलेली रक्कम पेढींत ठेवावी आणि कारखान्याजवळ भाड्यानें राहावें, असें सूनबाईंनीं सुचविलें. वडिलांस तें ऐकवेना. घर विकून भाड्याच्या खोलींत जाणें म्हणजे आपलें जेवण टाकून खानावळींत बसणें, असें ते म्हणाले. वाद आठवडाभर चालला आणि मग आम्हांस बोलावणें आलें. घरगुती तंट्यांत सल्ला देण्याचें आमच्या अंगीं कौशल्य नाहीं. पण ज्या शहराच्या वेशीवर बसून हा वाद चालला होता, तें शहरच मुळीं अशा एका प्रश्नाच्या उत्तरादाखल वसलें आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. तेवढें आम्हीं सांगितलें.

मलिक अहमद याचें ठाणें जुन्नरास होतें. बाप मलिक हसन हा बहमनी दरबारांतील मोठा मानकरी. तो मारला गेल्यावर मुलानें दरबाराशीं फारकत घेतली. त्याच्यावर चालून आलेल्या बहमनी फौजेस त्यानें २८ मे १४९० रोजीं भिंगारनजीक अचानक गांठून पुरतें मोडलें, आणि जेथें हा जय मिळाला तेथें बाग व महाल उठविला. पुढें त्याचें सारें लक्ष दौलताबादेकडे लागलें. तेथील किल्लेदार दोघे भाऊ होते. त्यांपैकीं थोरल्यास मलिक अहमदाची बहीण दिली होती. धाकट्यानें थोरल्यास व त्याच्या मुलास ठार केलें, आणि ती विधवा बहीण जुन्नरास भावाच्या दारीं आली, असें फेरिस्ता लिहितो. मलिक अहमदानें किल्ल्यास वेढा दिला. दोन महिने बसूनही किल्ला हातीं येईना. दौलताबादचा किल्ला एका वेढ्यानें पडणारा नव्हे, तेथें वर्षानुवर्षें येरझारा घालाव्या लागणार, आणि जुन्नराहून त्या घालणें परवडणारें नाहीं, हें त्याच्या ध्यानांत आलें. तेव्हां जुन्नर व दौलताबाद यांच्या साधारण मधोमध, भिंगारजवळच्या त्या बागेपाशीं, १४९४ सालीं त्यानें नव्या शहराचा पाया घातला. तेंच अहमदनगर, २०२४ पासून त्यास अहिल्यानगर म्हणतात. तेथून दरसाल पिकें कापणीस आलीं कीं फौज निघावी आणि दौलताबादचा मुलूख उजाड करून परत यावें, असा क्रम चालला. अखेर १४९९ सालीं किल्ला त्याच्या स्वाधीन झाला.

रयतेच्या उभ्या पिकांवर चाललेल्या या क्रमाचें कौतुक करावें असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु राजा काय किंवा कारकून काय, रोजच्या वाटेपुढें दोघेही सारखेच, एवढें त्यावरून दिसतें. नव्या जागेचा खर्चही थोडा नव्हता. निजामशाहींत कापूरवाडीसारख्या भोंवतालच्या गांवांहून खापरी नळांनीं शहरांत पाणी आणावें लागलें. त्या नळांचे अवशेष अजून सांपडतात. तरी दोन-तीन वर्षांत हें शहर बगदाद व कैरो यांच्या तोडीचें झालें, असें फेरिस्ता म्हणतो. फेरिस्ता नगरच्या दरबारांत वाढलेला, तेव्हां त्याच्या कौतुकांतून थोडी वजावट करावयास हरकत नाहीं. त्यानेंही पुढें १५८९ सालीं नगर सोडून विजापूरची चाकरी धरली, हें जातां जातां सांगावयास हवें.

सूनबाईंस ही हकीकत आपल्या बाजूची वाटली. पण तिच्यांत एक मेख आहे. मलिक अहमदानें जुन्नर सोडलें, विकलें नाहीं. शिवनेरीसारखा किल्ला व त्याखालचें तें जुनें ठाणें त्यानें व त्याच्या वंशजांनीं राखून ठेविलें. १६०० सालीं मोगलांनीं नगर घेतलें, निजामशाही उघड्यावर पडली, आणि मलिक अंबरानें नामधारी सुलतानास घेऊन परांडा वगैरे ठिकाणीं आसरा केला. तेव्हां १६०७ च्या सुमारास राजधानी पुन्हां जुन्नरास आली. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं मागें टाकलेलें घर असें उपयोगीं पडलें. हें ऐकतांच वडिलांनीं मान डोलाविली.

याच दौलताबादेचा दुसरा दाखला सर्वांच्या तोंडीं असतो, तो महंमद तुघलकाचा. १३२७ सालीं त्यानें दिल्लीची राजधानी तेथें नेली आणि कांहीं वर्षांनीं बेत फसून मंडळी परत फिरली. साऱ्या दिल्लीस ओस पाडून माणूस न् माणूस नेला, ही दंतकथा आजचे इतिहासकार खरी मानीत नाहींत. मुख्यतः उमराव, मुल्लामौलवी व दरबारी यांसच जावें लागलें. पण ज्यांस जावें लागलें त्यांस कोणी विचारलें नव्हतें, आणि बेत फसण्याचें अर्धें कारण आमच्या मतें तेंच. नागापूरच्या घरीं निदान आठवडाभर वाद तरी झाला.

राजांच्या गोष्टी बाजूस ठेवून सामान्य कुणब्याकडे वळलें, कीं हा प्रश्न अधिक जवळचा होतो. आपल्या देशावरच्या गांवांत शेतकऱ्यांच्या दोन जाती होत्या; जन्मावरून नव्हे, जमिनीवरील हक्कावरून. मिरासदार हा गांवचा वंशपरंपरेचा धनी. त्याची जमीन व घरठाण त्याच्या नांवचें. सरकारधारा भरीत असेतों त्यास कोणी उठवावयाचें नाहीं. पंचांत त्याचा शब्द, सोयरिकींत त्याचा मान. उपरी हा बाहेरचा. कौल घेऊन जमीन करावयाची, मुदत भरली कीं नवा कौल करावयाचा अथवा दुसऱ्या गांवीं जावयाचें. पेशवाईनंतर एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यांत या दोहोंचें वर्णन आलें आहे.

वाचकांस वाटेल, मिरासदार सुखी व उपरी दुःखी. तसें सरसकट नव्हतें. मिरासदारास पूर्ण धारा, वर क्वचित् मिरासपट्टीसारखा जादा कर. उलट पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठीं पाटील उपऱ्यास इस्ताव्याचा कौल देत. पहिल्या वर्षीं थोडा धारा, मग वर्षावर्षानें चढत जाणारा. धारा डोईजड झाला कीं उपऱ्यानें बैल जुंपून पुढच्या गांवचा रस्ता धरावा. मिरासदारास तें करतां येत नसे. म्हणजे पाय होते पण ते मिराशींत रुतलेले. तरीही तो मिराशी सोडीत नसे, आणि तिचें कारण केवळ अभिमान हें नव्हतें. दुष्काळांत किंवा दंगलींत तो परागंदा झाला, तरी त्याचा हक्क बुडत नसे. दुसऱ्यास तात्पुरती दिलेली जमीन, मूळ धनी किंवा त्याचा वंशज पुष्कळ वर्षांनीं परत आला तरी, त्यास मोकळी करून द्यावी लागे. परत येण्याचा हा हक्क म्हणजेच मिराशीचा गाभा. उपऱ्याजवळ जाण्याचें स्वातंत्र्य होतें, परतण्याचें नव्हतें. पुढें १८३६ च्या सुमारास इंदापुराकडे इंग्रजांची नवी मोजणी सुरू झाली, ती पद्धत दख्खनभर पसरली, आणि हा भेद हळूहळू कागदावरून पुसला गेला. मनांतून पुसला गेला असें आम्हांस वाटत नाहीं.

शहरांत तर तो उलटाच होऊन बसला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० चें भाडें हें प्रमाण धरलें, आणि गिरगांवच्या चाळींतला भाडेकरी पिढ्यान्‌पिढ्या त्याच भाड्यांत राहूं लागला. घरमालक नांवाचा मालक, भाडेकरी खरा मिरासदार! नोकरी दूर उपनगरांत गेली तरी खोली सोडवेना. सोडली तर त्या भाड्यांत पुन्हां कोठें मिळणार? तो लोकलगाडीला लोंबकळत राहिला, पण चाळ त्यानें सोडली नाहीं. आज नव्यानें खोली घेणाऱ्याच्या वांट्यास बहुधा अकरा महिन्यांचा करार येतो. म्हणजे तो पुन्हां शुद्ध उपरी झाला, तोही इस्ताव्याच्या सवलतीवांचून. भाडें मात्र इस्ताव्याप्रमाणेंच दर करारास चढतें. नागापूरचें घर विकून जाणें म्हणजे या उपऱ्यांत जाणें, हें आम्हीं सूनबाईंस स्पष्ट सांगितलें. त्यांनीं शांतपणें विचारलें, "आणि माझी मुलगी बापाला ओळखेनाशी झाली तर ती मिराशी कोणत्या कामाची?" यावर एल्फिन्स्टनच्या अहवालांत उत्तर नव्हतें.

वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं जें सांगितलें तें त्यांच्या मुलासही ठाऊक नव्हतें. हें घर वाडवडिलांचें नव्हे. वडील मूळचे राहुरीकडच्या एका खेड्याचे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें, पुढें नगरची वसाहत उभी राहिली, तींत त्यांस नोकरी लागली. कांहीं वर्षें ते पहांटेच्या एसटीनें येत व रात्रीं परतत. शेवटीं भावाशीं बोलणें करून गांवच्या घरांतला आपला वांटा त्यांनीं त्यासच विकला आणि त्या पैशांत नागापुरास ही जागा घेतली. कशासाठीं, तर कामावर सायकलनें जातां यावें म्हणून. "आमच्या वडिलांनीं तेव्हां दोन दिवस अन्न घेतलें नव्हतें," ते म्हणाले. "आणि त्या वेळीं मला मलिक अहमदाची गोष्ट सांगणारें कोणी भेटलें नाहीं." हा टोला आम्हांस होता, व तो आम्हीं मुकाट्यानें घेतला.

त्यानंतर वाद फार चालला नाहीं. घर विकावयाचें नाहीं, पण त्यांत राहिलेंच पाहिजे असेंही नाहीं, एवढें ठरलें. शिरुरास दोन खोल्या घेतल्या. तेथून रांजणगांव सतरा-अठरा किलोमीटर. नागापूरच्या घरीं पुढची खोली वडिलांनीं स्वतःकडे ठेविली आणि मागचा भाग वसाहतींतल्या एका तरुण जोडप्यास अकरा महिन्यांच्या करारानें दिला. तो मुलगा पायीं कामावर जातो. इकडचें भाडें व तिकडचें भाडें यांत जी तूट येते, ती पूर्वीं प्रवासांत जात असे त्याहून कमी आहे. परंतु मुलीची शाळा बदलावी लागली, आणि वडील एकटे राहिले, हे दोन आंकडे कोणत्याच रकान्यांत मांडतां आले नाहींत. दर रविवारीं शिरूरचीं मंडळी नागापुरास येतात. कुलपाची एक किल्ली सूनबाईंजवळ आहे, एक वडिलांजवळ. शिरूरचा करार येत्या चैत्रांत संपतो, आणि तेव्हां आम्हांस पुन्हां बोलावणें येईल असें दिसतें.