पीयूषिका ग्रंथी निकामी झाल्यास चयापचयावर घाला. संप्रेरक उपचारांत क्रम महत्त्वाचा

अकोला : मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. थायरॉइड, अधिवृक्क आणि वृषण या ग्रंथींचे कार्य तिच्या नियंत्रणाखाली चालते. हे नियंत्रण सुटले, की चयापचयाची घडी विस्कटते. ग्रंथीतील गाठ, शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि डोक्याची इजा ही त्याची प्रमुख कारणे होत. वऱ्हाडासारख्या शेतीप्रधान भागात आणखी एका कारणाकडे लक्ष द्यावे लागते, ते म्हणजे घोणस सापाचा दंश.

घोणसीच्या विषामुळे रक्त गोठण्याची प्रक्रिया बिघडते आणि पीयूषिका ग्रंथीला कायमची इजा होऊ शकते. ब्रह्मदेशातील अशा रुग्णांची माहिती १९८७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. भारतातही असे रुग्ण आढळले आहेत. लक्षणे कधी लगेच, तर कधी काही वर्षांनी दिसतात. त्यामुळे मोर्णाकाठच्या जुने शहरात राहून खेड्यावरील शेती पाहणाऱ्या व्यक्तीने पूर्वीच्या सर्पदंशाची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी.

लक्षणे

सततचा थकवा, थंडी सहन न होणे, दाढीचे केस विरळ होणे, कामेच्छा कमी होणे, रक्तदाब तसेच रक्तातील साखर व सोडियम घटणे ही पुरुषांतील लक्षणे आहेत. स्नायू कमी होऊन पोटावर चरबी साठते. वयाचा परिणाम समजून त्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते.

कोणत्या संप्रेरकाचा काय परिणाम?

कॉर्टिसॉलची उणीव प्रथम भरून काढली जाते. हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा सामान्यतः दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम असते. ती गरजेपेक्षा अधिक झाल्यास वजन व साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात. त्यानंतरच थायरॉक्सिन सुरू करतात. ते आधी दिल्यास शरीरातील कॉर्टिसॉल वेगाने खर्च होऊन जिवावर बेतू शकते. या रुग्णांत टीएसएच चाचणी दिशाभूल करते. मात्रा 'फ्री टी-४' पाहून ठरवावी लागते.

टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायू, हाडे व हिमोग्लोबिन सुधारते. मात्र त्यामुळे रक्त अतिघट्ट होत नाही ना, हे तपासत राहावे लागते. टेस्टोस्टेरॉनने शुक्रजंतूंची निर्मिती होत नाही. अपत्य हवे असल्यास वेगळी इंजेक्शने द्यावी लागतात.

वाढीच्या संप्रेरकाची प्रौढांनाही गरज असते. लंडनमध्ये २४ रुग्णांवर झालेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हे संप्रेरक सहा महिने घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सरासरी ५.५ किलोने वाढले, तर चरबी ५.७ किलोने घटली. कोलेस्टेरॉलही कमी झाले. मात्र या उपचारात साखर वाढू शकते. कर्करोग असलेल्यांना हे संप्रेरक दिले जात नाही.

ही काळजी घ्या

ताप आल्यास डॉक्टरांनी आधी सांगून ठेवल्याप्रमाणे हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा दुप्पट किंवा तिप्पट करावी. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर हायड्रोकॉर्टिसोनच्या इंजेक्शनसाठी तातडीने रुग्णालय गाठावे. अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ही दक्षता विशेष महत्त्वाची ठरते. आजाराचे नाव व औषधाची मात्रा लिहिलेले कार्ड नेहमी खिशात असावे. बरे वाटू लागले म्हणून ही गोळी कधीही स्वतःहून बंद करू नये.